रकाना क्रमांक सतरा

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, माझ्या सहकारी बंधू-भगिनींनो आणि घड्याळाकडे चोरून बघणाऱ्या मागच्या रांगेतल्या मित्रांनो,

आज सकाळी अकराची ताजी खबर अशी, की ज्याला तुम्ही निरोप देताय तो अजून निवृत्त झालेलाच नाही. आस्थापनेच्या बाईंनी स्वतः संगणकावर पाहून तसं सांगितलं. माझा अर्ज सतराव्या रकान्यावर अडलाय : ‘अडीअडचणीला कुणाला कळवायचं?’

हसा, हसा. पाप माझंच आहे. नऊ वर्षांपूर्वी आपल्या कार्यालयासाठी सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं ठरलं, तेव्हा काय काय हवं ते कागदावर उतरवायचं, म्हणजे ब्रीफ लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. अध्यक्ष महोदय, तुम्हीच म्हणाला होतात, “चार ओळी खरडून टाका हो!” मी एकेचाळीस पानं लिहिली. मोघम मागितलं की मोघमच मिळतं, नाही का? सतराव्या रकान्यापुढे मी ठासून लिहिलं : ‘रिकामा सोडता येणार नाही.’

घरी हिला वाचून दाखवलं. ही म्हणाली, “आणि कुणी नसेलच तर?”

“असं कसं होईल? प्रत्येकाला कुणी ना कुणी असतंच की!”

ती जाऊन आता दोन वर्षं होतील. मूलबाळ नाही. एक भाऊ होता, तोही गेला. सकाळी बाई म्हणाल्या, “काका, टाका ना कुणाचंही नाव. कोण बघतंय?” पण ज्याचं टाकायचं, त्याला आधी विचारायला नको?

म्हणून मी आपलं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रोग्रामर मुलीला दुरुस्तीचं ब्रीफ पाठवलं. दोनच ओळी. रकाना रिकामा सोडता यावा. सोडल्यास, कुणीतरी त्या माणसाला आठवड्यातून एकदा फोन करावा.

पंधरा मिनिटांत उत्तर आलं : “सर, ‘कुणीतरी’ म्हणजे नक्की कोण? ते कळल्याशिवाय काम सुरू करता येणार नाही. हे तुम्हीच शिकवलंत.”

बरोबर आहे तिचं.

आपण एवढ्या अगत्याने जमलात, चार चांगले शब्द बोललात, मनापासून आभार. माझ्या तोंडून एखादा शब्द वावगा गेला असेल, तर पोटात घाला.

सोमवारी दुपारी बारापर्यंत मला त्या प्रोग्रामर मुलीला एक नाव कळवायचं आहे. कार्यक्रम संपल्यावर मी थोडा वेळ दाराशी उभा असेन.