जीपची टाकी

भंडाऱ्याच्या बसस्थानकावर नागपूरच्या गाडीसाठी रांग होती. माझ्यापुढे कारध्याचं एक जोडपं होतं आणि त्यांच्यापुढे पोत्यात बांधलेली, त्यांच्या जीपची गंजकी पेट्रोलटाकी. म्हणजे माझा नंबर टाकीच्याही मागे होता.

बाई नवऱ्याला म्हणाली, "लोक जीपमंदी बसून नागपूरले जातेत. तुमी जीपले घेऊन एसटीनं जाऊन राहिले."

"मापाले नेतो ना. लिलावात जीप घेतली तवा तो मिलिट्रीवाला म्हणे, हिनं लढाई पाह्यली हाय. मले वाटलं, लढली."

"मंग नवी एवढीच घेता का मोठी?"

"मोठी. शकुनची पाठवणी हाय. तिच्या सासरी बपेऱ्याले जाताना रस्त्यात पेट्रोल संपलं तं व्याही हासतीन."

"टाकी तुमच्या सीटाखाली बसते. मोठी लावली तं डोस्कं वर ताडपत्रीले लागन."

"लागू दे. रिकामंच हाय."

"अन् गाडी बंद पडली तं ढकलन कोण?"

"वऱ्हाडी."

"आपले का त्याइचे?"

"जे आधी उतरतीन ते."

"मंग लहानच घ्या. मोठी भरली तं ढकलाले जड जाईन."

"अन् मधातच पेट्रोल संपलं तं?"

"संपू द्या. पोरगी एक रात अजून आपल्या घरी राहीन."

"मंग टाकी घ्याचीच कायले?"

"वा! बाबा जीपनं सोडतीन, असं पोरीले सांगून बसली ना मी."

गाडी लागली. कंडक्टरने पोत्याला पाय लावून विचारलं, "हे काय आहे?"

बाई म्हणाली, "हळू, साहेब. आमची जीप हाय. लेकीले सोडाले जाऊन राहिली."