धनीबाईच्या घरातला लाइव्ह साप

नाही, पण लाइव्ह कार्यक्रम घे असं मले सांगितलं कोनं? कोनंच नाही! माह्याच डोक्यातला किडा! रेकॉर्ड करून लावला असता, चुकलं तेवढं कापून टाकलं असतं, काय बिघडत होतं? पण नाही... तुम्हाले सांगतो, घाटंजीचा आपला हा लहानसा रेडिओ, टेकडी ओलांडली का नुसती खरखर, पण त्याच्यावर हा गोपाल बोलतो म्हणून मी सोताले काय समजत होतो! दर मंगळवारी सकाळी दहा वाजता 'गावचा कारभार'. लोकायनं फोन करायचा, साहेबानं उत्तर द्यायचं, अन् सगळं लाइव्ह, बाप्पा, लाइव्ह!

त्या दिवशी साहेब कोन? तं बबनराव, ग्रामसेवक. मानूस लाख चांगला, पण माइक समोर आला का त्याचा शासन निर्णय होते. इस्त्रीचा शर्ट, मनगटाले अत्तर, हातात फाइल... "श्रोतेहो, टेकडीखालच्या तांड्यातील हातपंप दुरुस्त करण्यात आलेला असून..." अन् तेवढ्यात फोन!

"हॅलो, रेडिओ?" म्हाताऱ्या बाईचा आवाज, एकदम हळू. म्या म्हटलं, "बोला आजी, काय प्रश्न हाय?"

"बेटा, मी धनीबाई, तांड्यावरून. घरात साप हाय."

बबनरावाचं ध्यान फाइलीत. मुंडी वर न करता म्हणते कसे, "आपली तक्रार रास्त आहे, लेखी अर्ज द्यावा, पंधरा दिवसांत कार्यवाही..."

"पंधरा दिस साप थांबन काय रे भाऊ?"

लाइव्ह! सारा तालुका ऐकून राह्यला!

म्या माइक आपल्याकडे ओढला. म्हटलं, "आजी, पोराले फोन लावा ना!" तं म्हणे, "त्यानं सिम बदललं, नवा नंबर मले येत नाही. सून वावरात कापूस वेचून राह्यली. तुमचाच नंबर तेवढा पाठ हाय, दिवसभर बोंबलत तं असता!"

आता बोंबलत कोन असते? मीच! बोला!

तिनं सांगितलं ते असं. वेचलेला कापूस घरातच टाकलेला, भिताडाले लागून आढ्यापर्यंत. साप दाराकून आला, अन् बुढी भेवानं कापसावर चढली ते कमरेपर्यंत रुतली. वर बुढी, खाली साप, अन् दार सापाच्या पल्याड. म्या विचारलं, "फणा काढते काय?" म्हणे, "मी त्याले काढ म्हणू काय?"

मी माइकवर ओरडलो, "अरे, तांड्याजवळ जो कोनी असन त्यानं पळा! संघदीप, ऐकत असशीन तं नीघ!" संघदीपचं पंक्चरचं दुकान हाय स्टँडपाशी, पण साप पकडावा तं त्यानंच. आता तो ऐकून राह्यला का नाही, हे मले कसं समजावं? रेडिओवर आपण बोलतो, समोरचा हो म्हणते कुठी?

"आजी, हलू नका. अन् बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही बोला!"

झालं! बुढीनं हातपंपच धरला! "तो साहेब आत्ता म्हणे पंप दुरुस्त केला. कोन्त्या तांड्याचा केला बावा? आमच्या पंपाचा दांडा पोळ्यापासून ग्रामपंचायतीत पडून हाय! सुनेची मान गेली पानी वाहून वाहून!" अन् मग कोन कव्हा काय बोललं, कोनाची सही राह्यली, सगळं नावानिशी! खाली साप, अन् हे वर बसून ग्रामसभा घेऊन राह्यली! बबनराव लाल झाले, पांढरे झाले, मग उठले, फाइल तिथंच, कानावरचा हेडफोन वायरीसकट घेऊन भाईर, अन् मोटरसायकलले किक!

अन् मग फोनवर किंचाळी... "याडी ये!" त्यायच्या बोलीत आईले हाक मारली तिनं. धप्पकन काहीतरी पडलं. अन् मग काहीच नाही.

मले गानं लावायचं सुचलं नाही. सारा तालुका माही धाप ऐकून राह्यला होता. एकच इचार, हलू नका म्हटलं ते म्याच. पळा म्हणाले पायजे होतं काय? माह्या शब्दावर बसली होती हो म्हातारी! मारुतीले हात जोडले, तिच्या सेवालाल महाराजाले जोडले, जो देव आठवला त्याले जोडले...

"हॅलो? कोन हाय?"

"मी गोपाल! तुम्ही कोन?"

"ममता, सून. बुढी बरी हाय."

तुम्हाले सांगतो, मी खुर्चीवरच ढसाढसा रडलो. लाइव्ह!

झालं असं होतं, ममता कानात रेडिओ घालून वेचत होती. अचानक कानात सासूच बोलाले लागली! कमरेची कापसानं भरलेली ओटीही सोडली नाही, तशीच धावली. अन् संघदीपही ऐकून राह्यला होता! अर्धं टायर उघडं टाकून आला, मागच्या खिडकीतून थेट कापसावर उडी. बुढी किंचाळली ते सापाले नाही, संघदीपले पाहून! फोन पडला कापसात, मग आवाज कुठून येईन? अन् साप निघाला धामण. बिनविषारी! बिचारी उंदरासाठी आली होती. संघदीपनं तिले नाल्याकडे सोडून देली.

सगळ्यात मागून बबनराव आले, हातात लोखंडी दांडा! लोकं म्हणे, "साहेब, मारू नका, सोडला साप!" साहेब म्हणे, "सापाचा नाही, हातपंपाचा हाय!" वाटेत ग्रामपंचायतीतून उचलला होता. दुपारी पंपाले पानी आलं. धनीबाईनं पहिला गिलास त्यायलेच पाजला म्हणते.

एवढं हलकं वाटलं मले, काय सांगू! पण आता लोकायचा भरोसा इतका वाढला का इचारूच नका. कालचाच फोन, भर कार्यक्रमात, एक बाई हळूच म्हणते, "हॅलो रेडिओ? दिवाळीले आलेला जवाई अजून घरातून निघून नाही राह्यला. पाठवता काय कोनाले?"

काय करता... मुकाट पत्ता लिहून घेतला.