अकरा कुंड्या आणि एक खिडकी

झाडं कोणाच्या घरी पाठवायची तर आधी त्या घरच्या बाईला विचारावं, हे इतक्या शिकलेल्या माणसांत एकालाही सुचू नये? तुम्ही सगळे नुसत्या टाळ्या वाजवत होतात. असो. रीत सोडत नाही. सन्माननीय अध्यक्ष मोठे साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, समोर बसलेले ऑफिसातले बंधू-भगिनी, आणि हारात हनुवटी बुडवून बसलेले माझे यजमान, सगळ्यांना नमस्कार. मला दोन शब्द बोला म्हणालात. दोनात भागायचं नाही.

मोठ्या साहेबांनी आत्ता जाहीर केलं, की हे आज निवृत्त होतात, म्हणून यांनी ऑफिसात वाढवलेल्या अकराच्या अकरा कुंड्या शनिवारी टेम्पोने आमच्या घरी पोचतील. केवढं तुमचं मन.

यांचं कौतुक झालं, ते खोटं नाही. मातीत बोट घालून बघायचं, कोरडी लागली तरच पाणी. पानं ओल्या फडक्याने पुसायची. झाड एकाच अंगाला वाकू नये म्हणून कुंडी फिरवायची. एसीचा वारा झोंबतो म्हणून फर्नची जागा बदलायची. घरी या माणसाने स्वतःचा कप कधी विसळला नाही. रबराच्या झाडाचं एक पान पिवळं पडलं तर यांना घास उतरत नाही. मला चष्मा लागला ते यांना शेजारणीने सांगितलं.

तुमचीही माया मला माहीत आहे. यांना कावीळ झाली तेव्हा तुम्हीच झाडं सांभाळलीत ना? टेलिफोनवरच्या ताईंनी सकाळी पाणी घातलं, कॅशियर भाऊंनी दुपारी, शिपाईदादांनी निघताना, आणि साहेब, तुम्ही बाटलीत उरलेलं ओतलंत. कोणी कोणाला विचारलं नाही. हे परत आले तेव्हा मनी प्लांटची मुळं कुजून घाण वास मारत होती. तेव्हापासून कुंडीला हात लावायची तुमची छाती होत नाही. मग याला सत्कार म्हणायचं की गळ्यात मारणं?

आता आमचं घर ऐका. खोल्या दोन, आणि उजेडाची खिडकी एक. तिथे माझं शिलाई मशीन आहे. काळ्या कापडावर काळा दोरा बल्बखाली दिसत नाही. टाके चुकतात, उसवावे लागतात, गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. आज सकाळी हे टेप लावून ती खिडकी मोजत होते. का, ते सांगितलं नाही. नुसतं म्हणाले, "मशीन जरा आत घे."

"आत म्हणजे कुठे? मोरीत?"

टेप गुंडाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "उद्यापासून सकाळी उठून मी करू काय?"

पोळी करपली तव्यावर. इतक्या वर्षांच्या संसारात यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेही असलं.

म्हणून साहेब, माझं मागणं सरळ आहे. झाडं इथेच राहू द्या. यांना आठवड्यातून दोनदा सकाळी आत येऊ द्या, वॉचमनने दारात अडवायचं नाही, खुर्ची द्यायची आणि चहा द्यायचा. पगार नको. बाकीच्यांनी फक्त एक करायचं, पाणी घालायचं नाही. एवढं न करणं जमेल ना?

हार, शाल, नारळ दिलात, माझ्यासारखीला माईक दिलात, त्याबद्दल आभारी आहे. शाळा फार झाली नाही, तेव्हा जीभ कुठे घसरली असेल तर पोटात घाला. पण उत्तर मला शुक्रवारपर्यंत पाहिजे. नाही आलं, तर शनिवारी टेम्पो रिकामा यायचा नाही. कुंड्या घ्यायला येताना तो माझं मशीन इथे आणून टाकेल. तुमच्या खिडक्या चांगल्या मोठ्या आहेत, मी आत्ताच बघून घेतल्या.