जबडा पुढे, जबडा मागे

...आणि तिसऱ्यांदा मोजलं तर एकतीस अंश. आता तुम्हीच सांगा, कानापाशी जबड्याचं बिजागर तेच, आणि त्याचा उतार सकाळी अठ्ठावीस, दुपारी चौतीस, चार वाजता एकतीस? मी महादेवराव, अकोल्याच्या जिनिंग कारखान्यात वीस वर्षं कापसाच्या काट्यावर. असा काटा आमच्याकडे असता तर गाडीवानांनी उपटून मोर्णा नदीत टाकला असता. कवळी काढून बोलतोय, एखादा शब्द वाऱ्यावर गेला तर धरा. पण खोटं नाही, तारखेसकट डायरीत आहे.

तुम्हाला सांगतो, मला दातांची हौस नव्हती. एकसष्ट सालच्या दिवाळीत मुलीला, शालूला, माहेरी आणायला तिच्या सासरी हिवरखेडला गेलो. तोंडात एक दात नाही. 'शालूले दोन महिने पाठवा' म्हणायला गेलो तर नुसती हवा... व्याही भगवंतराव मिशीवर हात फिरवत म्हणाले, "व्याहीबुवा, पयले दात आना, मंग पोरीचं बोला." सगळी ओसरी हसली. शालू दाराआड होती, ती हसली नाही. तेही डायरीत आहे.

म्हणून दातांच्या कमलाकांत डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हिरड्यांवर मेणाचे पट्टे बसवले, कानाशी लोखंडी कमान टेकवली आणि सुरू... "जबडा पुढे, चावा. आता मागे, चावा." म्हणे, त्यावरून बिजागराचा उतार कळतो आणि त्या उतारानं दात लावले नाहीत तर चावताना कवळी उचलते. पण आकडा जुळेना. "बोडक्या हिरड्यांवर मेण सरकतं, महादेवराव. थोडाफार फरक यायचाच. सोमवारी पुन्हा बघू." थोडाफार? हे काट्यावर बसणाऱ्या माणसाला सांगता?

घरी सराव सुरू केला. आरशासमोर, रोज शंभर वेळा, जबडा पुढे... मागे काय, तो आपोआप जाईल. सुभद्रा, म्हणजे आमची मंडळी, चुलीपासून बघायची. "काहून बोकडावानी तोंड काढून राहिले जी? म्या काय केलं तुमचं?"

सोमवारी तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस. डॉक्टर खूश, मी खूश, दात तयार. अन् दात बसवल्यावर कळलं, सरावानं जबडा मागे जायचंच विसरला होता; मेणावर 'मागे' म्हणून चावलो तोही बोटभर पुढेच. आता जबडा पुढे काढला तरच दात जुळतात, अन् बोलायला तोंड उघडलं की वरची कवळी खाली.

अशा तोंडानं पौषात हुरड्याला हिवरखेडला गेलो. वाक्य पाठ होतं, पण बोलावं तर दात आगटीच्या राखेत पडायचे. म्हणून जबडा पुढे काढून भगवंतरावांकडे नुसता बघत राहिलो. त्यांनी हुरडा पुढे केला, मी हात लावला नाही. लावणार कसा?

"व्याहीबुवा, रागावले काय?"

मी गप्प.

"दिवाळीचं मनावर घेतलं काय जी?"

जबडा पुढे.

भगवंतरावांची मिशी उतरली. "अरे, गाडी जुपा. शालूले तयार व्हायले सांगा. दोन नाई, चार महिने ठेवा, पन असे पाहू नका." तारखेसकट डायरीत आहे.

शालू घरी आली. काल डॉक्टरांचा निरोप आला, "या, नवीन माप घेऊ, जबडा मागे आणू." मी कोट चढवला, तर सुभद्रानं टोपीच लपवली. "कुठी चालले? पोरीचे चार महिने होऊ द्या. व्याही कधी बी येऊन उभे राहतीन."

तेव्हा सध्या भाकर दुधात कुस्करून खातो, अन् दारात गाडी थांबली की दात लावतो.