ताराचा लॅपटॉप आणि माझं ताक

नाही पण मला सांगा, तांदळात कोणी लॅपटॉप पुरतं का... माझ्या सासूबाईंनी, धुरपदाबाईंनी, पुरायला लावला. ताक मी सांडलं हे कबूल, पेलाभर, मीठ-जिरं घातलेलं, थेट बायकोच्या कीबोर्डवर, पण त्या म्हणाल्या, "जवाई, तांदुयमा ठेवा," आणि मी घाबरलेला माणूस, ठेवला की हो डब्यात! आमची तारा साड्यांची डिझाइनं काढते, साड्या रंगवून, छापून देते, तीन वर्षांची चारशे डिझाइनं त्यात, दुसरीकडे एकही नाही, आणि सोमवारी साड्यांच्या व्यापाऱ्याला, धर्मेंद्रशेठना, दाखवायची, पहिली मोठी ऑर्डर. ती बाजारातून आली, डबा उघडला, आणि बोललीच नाही. बायको बोलली तर माणूस वाचतो, तुम्हाला सांगतो, न बोलली तर...

मग आमच्या कोसाडहून रिक्षा, पर्वत पाटियाला कुंदनभाईंचं रिपेअरिंगचं दुकान. त्यांनी आतला बोर्ड काढून भिंगाखाली धरला आणि म्हणतात, "निंबाभाई, आमां जीरुं छे." माझंच ते. म्हणाले, बोर्ड नवा टाका, दोन दिवसांत चालू. टाका, म्हटलं. "पण डेटा गयो." सगळं त्याच बोर्डात चिकटलेलं म्हणे. आणि जुनाच दुरुस्त केला तर? "चाले तो चाले." आता सांगा, बदलायचा की दुरुस्त करायचा?

मेव्हणा प्रदीप फोनवर म्हणतो, बदला. सासूबाई म्हणतात, तांदूळ कमी पडला. मी जेवताना तेच, अंघोळीला तेच, बदलायचा की दुरुस्त करायचा, आणि तिसऱ्या दिवशी तारा पहिल्यांदा बोलली, "लॅपटॉप दुकानात मिळतो. माझी डिझाइनं कोणत्या दुकानात मिळतील?"

झालं, दुरुस्त करायचा!

शनिवारी कुंदनभाईंचा फोन, आम्ही धावत गेलो, त्यांनी बटण दाबलं... काळं... काळंच... आणि उजेड! मोर, कोयऱ्या, वेलबुट्ट्या, चारशेच्या चारशे, आणि ताराने चार दिवसांनी माझा हात धरला, इतका घट्ट की बांगडी रुतली, मी हूं का चूं केलं नाही. तिथंच सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं.

सोमवारी धर्मेंद्रशेठ आले, तासभर एकेक डिझाइन बघितलं, प्रत्येकाला "वाह बेन, वाह," माझी छाती फुगलेली, जशी काही मीच काढलीत. शेवटी चष्मा काढून म्हणतात, "बहु सरस. पण आ वखते प्लेन चाले छे."

मी ताराकडे बघितलंच नाही, हिंमत कोणाची. तिने लॅपटॉप मिटला आणि शांतपणे विचारलं, "शेठ, रंग कोणता?"

मिळाली हो ऑर्डर. सहाशे साड्या, पोपटी, अंगावर साधा एक ठिपका नाही.