कपडे वाळवायची खोली

पाण्याच्या बाटलीचं झाकण टणकन फरशीवर पडलं आणि बिल्डरच्या ऑफिसातली शांतता मोडली. नव्या घराची किल्ली घ्यायला आलेल्या तिने ते उचललं आणि लेकीला मांडीवर घेतलं. तेवढ्यात पार्टिशनपलीकडे आर्किटेक्टबाई कंत्राटदाराला हळू आवाजात झापू लागल्या, म्हणजे सगळं ऐकू येऊ लागलं.

"नकाशा आडवा धरलातच कसा?"

"डोळ्यांवर ऊन येत होतं, मॅडम. म्हणून फिरून उभा राहिलो."

"पश्चिमेचे छज्जे उत्तरेला गेले!"

"उत्तरेला सावली काय झकास पडलीय, बघा तरी."

"अहो, तिकडे ऊन येतच नाही!"

"छज्ज्यांमुळेच ना!"

"आणि पश्चिमेची ती छोटी बेडरूम? दुपारी त्रेचाळीस डिग्री दाखवतेय."

ती खोली लेकीसाठी ठरलेली होती. तिने लेकीला घट्ट धरलं.

"मग बेडरूम म्हणूच नका. 'कपडे वाळवायची खोली' लिहा. दहा मिनिटांत वाळतील."

"आणि माणसं?"

"कपड्यांच्या खोलीत माणसं कशाला झोपतील, मॅडम?"

आर्किटेक्टबाईंनी नकाशा पुढे ओढल्याचा आवाज आला.

"...पेन द्या इकडे."

लेकीने मान वर केली.

"आई, कपडे वाळले की मग मी झोपायचं का तिथे?"