रेशमात काय असतं

हुबळीची गाडी उशिरा येणार होती, म्हणून जयतीर्थ वकील धारवाड स्टेशनातल्या बाकावर वर्तमानपत्र उघडून बसले. शेजारी दोघी बहिणी होत्या. थोरल्या अंबूताईंच्या घरी उद्या सासऱ्यांचं श्राद्ध आहे, हे त्यांना लगेच कळलं, कारण अंबूताई हळू बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

“वेणू, उद्या स्वयंपाक काय नेसून करू, तेच कळेना झालंय.”

“सोवळ्याचं रेशमी लुगडं आहे की, अक्का. दरवर्षी तेच नेसतेस.”

“जावई म्हणाले, रेशीम म्हणजे प्रोटीन. किड्याच्या तोंडातून लाळेसारखं निघतं आणि वाळून धागा होतो. कॉलेजात तेच शिकवतात ना ते.”

“म्हणजे उष्टं?”

“उष्टं परवडलं. मांसातही प्रोटीनच असतं, म्हणाले.”

“अगबाई. मग सुती लुगडं ओलं करून नेस.”

“या थंडीत? माझे गुडघे आधीच धरलेत. पुढच्या वर्षी दोन श्राद्धं घालावी लागतील.”

“मग जावयांनाच विचारायचंस, आता नेसू काय म्हणून.”

“विचारलं की. तर म्हणाले, प्रोटीन दुधातही असतं, तुरीच्या डाळीतही असतं.”

“मग झालं तर. देवाला दूध चालतं, तुला रेशीम का चालू नये?”

“मीही तेच ठरवलं. रेशमीच नेसणार.”

“आणखी कशाकशात असतं म्हणाले?”

जयतीर्थांनी वर्तमानपत्र जरा खाली घेतलं.

“सांगत होते. पण पुढचं नाव अंड्याचं येणार असं मला वाटलं, म्हणून मी ताक आणायला उठले.”